पंचावन्न, चाळीस, वीस

काटकोन तपासायच्या लोखंडी अवजाराला कारागीर गुण्या म्हणतात. या फॅब्रिकेशनवाल्यालाही सगळा बाजार गुण्याच म्हणायचा, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त. त्याने केलेलं गेट बसवायला गेलं की गेट बरोबर असायचं आणि भिंत वाकडी निघायची. मग तो भिंतीच्या मालकाला ऐकवायचा. सव्वीस वर्षं असा धंदा केल्यावर माणसाकडे नाव भरपूर जमतं आणि काम कमी राहतं.

त्यात बाजारात तयार जाळ्या आणि तयार रेलिंगं आली. वाकड्या भिंतीवर वाकडीच बसतात, कोणाला काही ऐकून घ्यावं लागत नाही. दोन महिने वेल्डिंगचं मशीन गोणपाटाखाली झाकलेलं होतं. म्हातारा वेल्डर रोज सकाळी यायचा, झाडू मारायचा आणि घरी जायचा. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

अशा वेळी विमान कंपनीचं काम आलं. दोनशे पिंजरे. हातातली बॅग विमानात न्यायच्या मापाची आहे की नाही, हे बघायचे लोखंडी पिंजरे. बॅग आत गेली तर फुकट. अडकली तर ती विमानाच्या पोटात टाकायची आणि तिचे वेगळे पैसे भरायचे, कधी कधी तर तिकिटाहून जास्त. पूर्वी माणसाबरोबर त्याचं सामान जायचं. माणूस गावाला निघाला की दोन कपडे घेतो, यात कोणाला काही आश्चर्य वाटत नसे. या कंपनीतल्या हुशार मंडळींनी मात्र माणूस वेगळा आणि त्याचे कपडे वेगळे विकायला काढले होते. ‘उद्या चपला घालून चढायचेही पैसे लावतील,’ असं गुण्याची बायको म्हणायची.

कंपनीचा खरेदी अधिकारी नमुना बघायला आला. कारखान्यातल्या उकाड्यातही त्याच्या गळ्यात टाय होता, म्हणून गुण्याने त्याचं नाव कंठलंगोट ठेवलं. एखाद्या खुर्चीवर बसायचं झालं तर आधी रुमाल अंथरणारा हा माणूस. त्याने बरोबर आणलेली बॅग पिंजऱ्यात सोडली. ती अलगद आत गेली. कंठलंगोटाचं तोंड उतरलं.

“फार सहज जाते,” तो म्हणाला.

“जायला नको?”

“हवी ना. पण इतकी सहज नको.” त्याने खिशातून ड्रॉइंग काढलं. “यात पंचावन्न, चाळीस, वीस असं लिहिलंय. आतून की बाहेरून, ते लिहिलेलं नाही.”

“पिंजऱ्याचं माप आतूनच असतं, साहेब. चप्पल घेताना आपण पाय बघतो, खोकं नाही बघत.”

“बार एक सेंटिमीटर जाडीचा आहे. समजा, बाहेरून पंचावन्न धरलं. मग आत किती राहील?”

“त्रेपन्न, अडतीस, अठरा.”

“मी काही आकडे सांगितलेले नाहीत हं,” कंठलंगोट हसून म्हणाला. “ते तुम्हीच म्हणालात. पिंजऱ्यावर लावायची पाटी आम्ही पाठवू.”

पाटीवर ठळक अक्षरांत पंचावन्न, चाळीस, वीस असणार होतं. ताकाला आलेल्या माणसाने भांडं लपवावं तसा हा आला होता, आणि भांडं भरून घेऊन गेला. करून सवरून नामानिराळं राहण्याचाच त्याला पगार असावा.

संध्याकाळी बायको गुण्याला म्हणाली, “नको असेल तर आत्ता फोन करून नाही म्हणते. दोन मिनिटांचं काम आहे.” कारखान्याचे फोन आणि पत्रव्यवहार तिच्याकडे होता.

“दोन महिने काम नाही आपल्याला.”

“मला सांगताय? फोनजवळ मी बसते.”

“आपण काय, लोखंड जोडून देतो. लोकांना आपण थोडेच लुबाडतोय? ते लुबाडणार, तो कंठलंगोट. लाज कोळून प्यायलाय मेला.”

“मग घ्या काम. पण घ्यायचं असेल तर त्याला नावं ठेवणं बंद करा. एक काहीतरी करा.”

गुण्याने दोन्ही केलं. काम घेतलं आणि नावंही ठेवत राहिला. शिव्या देत केलेलं पाप अर्धंच लागतं, अशी पुष्कळ लोकांची समजूत असते.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या वेल्डरने पहिला बार कापायच्या आधी विचारलं, “मालक, आतून की बाहेरून?”

“बाहेरून.”

म्हाताऱ्याने वेल्डिंगची काच तोंडावर ओढली आणि कामाला लागला. पुढचे सहा आठवडे तो गुण्याशी कामापुरतंच बोलला.

पिंजरे मात्र देखणे झाले. दोनशेच्या दोनशे एकाच साच्यातले. गुण्याने प्रत्येकाचे कोपरे स्वतः तपासले, दोन पिंजरे केसाएवढे तिरके वाटले म्हणून तोडून पुन्हा जोडले. चोरी करायची तर ती मिलिमीटरपर्यंत चोख झाली पाहिजे, असा त्याचा बाणा होता. हे त्याला कोणी तेव्हा म्हटलं असतं तर तो मारायला धावला असता.

पिंजरे विमानतळावर लागले आणि आठ दिवसांत तक्रार आली. माप लहान पडतंय, ही तक्रार नव्हे. लोक बॅगा इतक्या जोराने रेटत होते की पिंजरे फरशीवरून सरकत होते. ते बोल्टने जमिनीला पक्के करायचे होते. गुण्या ड्रिल आणि पाने घेऊन स्वतःच गेला. विमानात सोडायच्या पहिल्या दारापाशी कंठलंगोट हजरच होता. शेजारी कंपनीची एक मुलगी पैसे घ्यायचं यंत्र हातात धरून उभी होती. अडकलेल्या दर बॅगेमागे तिलाही काहीतरी मिळायचं, म्हणून ती दुरूनच बॅगा हेरत होती.

गुण्या खाली बसून तिसरा बोल्ट आवळत होता, तेव्हा एक बाई पिंजऱ्याशी आली. पन्नाशीची, चष्मा नाकावर घसरलेला. हातात जाड हिरव्या कापडाची, घरी शिवलेली बॅग. शिलाई अशी सरळ की गुण्याचे हात नकळत थांबले. कामातलं माणूस त्याला लांबून कळायचं.

बॅग निम्मी आत गेली आणि अडकली.

“मॅडम, खाली टाकावी लागेल,” यंत्रवाली मुलगी म्हणाली आणि तिने रक्कम सांगितली.

“असं कसं? मी या पाटीवरच्याच मापाची शिवलीय. शिलाईसकट. माझं शिवणकामच आहे.” बाईंनी पर्समधून टेप काढली. बॅग मोजली. पंचावन्न, चाळीस, वीस. मग वाकून त्यांनी पिंजरा आतून मोजला. “अडतीस,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “अठरा. बघा की तुम्हीच.”

रांगेतल्या कोणीही बघितलं नाही. ज्यांच्या बॅगा लहान होत्या ते घड्याळाकडे बघत होते, आणि ज्यांच्या मोठ्या होत्या ते पाय मुडपून बॅगा लपवत होते. “चला हो बाई, आम्हालाही जायचंय,” मागून एकजण म्हणाला. खिसा कापणाऱ्यावर न चिडता ओरडणाऱ्यावर चिडण्याची आपल्याकडे चांगलीच सवय आहे.

कंठलंगोट पुढे आला. “मॅडम, फॅब्रिकेशनमध्ये थोडा इकडेतिकडे फरक पडतो. कारागीर शेवटी कारागीर. हे बघा, बनवणारे इथेच आहेत.” आणि त्याने गुण्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे कीव आली.

“तुम्ही केलाय?” त्या म्हणाल्या. “दोन-दोन सेंटिमीटर खाल्लेत हो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यात असं चुकतात. मापाला हात बसला नाही का अजून?”

गुण्याने मान हलवून ‘चुकलं’ म्हणायचं, एवढंच बाकी होतं. कंठलंगोट त्याचीच वाट बघत होता. पण गुण्याचं सगळं अंग पेटलं. सव्वीस वर्षांत त्याला कोणी भामटा म्हटलं नव्हतं तसं अडाणीही म्हटलं नव्हतं, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त झोंबेल हे त्याला तिथेच कळलं. तो उठून उभा राहिला.

“फरक पडलेला नाही,” तो म्हणाला. “एका मिलिमीटरचाही नाही. दोनशे पिंजरे आहेत, कुठलाही मोजा. मला आतून अडतीस-अठरा करायला सांगितलं होतं. मी बरोब्बर अडतीस-अठरा केलंय.”

आता बाई कंठलंगोटाची गचांडी धरतील, रांग उसळेल, असं त्याला वाटलं. खरं बोलल्याचा थोडा अभिमानही वाटला. कंठलंगोट मात्र छताकडे बघत होता.

बाई गुण्याकडेच बघत राहिल्या.

“म्हणजे तुम्हाला माप येतं,” त्या म्हणाल्या.

“येतं.”

त्यांनी टेप हळूहळू गुंडाळली. “मला वाटलं, येत नसेल.”

मग यंत्रवाल्या मुलीला त्यांनी पैसे दिले, हिरव्या बॅगेवर तिने चिकटवलेली चिठ्ठी नीट दाबून बसवली आणि दारातून निघून गेल्या. रांग पुढे सरकली.

“एक बोल्ट राहिलाय,” कंठलंगोट म्हणाला.

गुण्या पुन्हा खाली बसला आणि त्याने तो आवळला. तोही त्याने घट्ट आणि सरळच आवळला, कारण काम वाईट करायला त्याला खरोखरच येत नव्हतं.