तिसरा टप्पा आणि अप्पांचा पाय

संगमेशच्या कपाटाच्या दाराला आतून गाडीचा वेग वाढवायचा एक कागद चिकटवलेला होता. टप्पा पहिला: मोठा जेट. टप्पा दुसरा: स्पार्क पुढे. टप्पा तिसरा: हेड घासणे. दाराच्या बाहेरच्या बाजूला बसवेश्वरांचं कॅलेंडर, त्यामुळे घरात कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

गाडी चौऱ्याण्णवची, पांढरी मारुती आठशे. सोमवार ते शुक्रवार ती अप्पांची. अप्पा म्हणजे संगमेशचे वडील रुद्रय्या; ते तिच्यातून पेठ वडगावला आपल्या भांड्यांच्या दुकानात जायचे, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता. शनिवार-रविवार ती संगमेशची. पोरगं दोन दोन दिवस गाडी धुतंय, या कौतुकात अप्पा होते.

राधानगरीकडच्या एका बंद खाणीच्या चढावर महिन्यातून एका रविवारी मोटार क्लबची चाचणी चालायची. साडेचार मिनिटांच्या आत वर पोचलात तर स्पर्धेत नाव. पहिले दोन टप्पे संगमेशनं चाचणीच्या आठवडाभर आधी उरकले होते. पहिल्या टप्प्याआधी त्याला लागली चार एक्कावन्न. पहिल्या टप्प्यानंतर चार एक्कावन्न. दुसऱ्यानंतरही चार एक्कावन्न. घड्याळ बिघडलं असेल म्हणून त्यानं दुसरं आणलं. त्यानंही तेच सांगितलं.

आता उद्याच्या रविवारची चाचणी या वर्षातली शेवटची.

शनिवारी दुपारी उद्यमनगरात हंबीरराव मिस्त्रींनी इंजिनाचं घासून आणलेलं हेड बसवलं, नट आवळले आणि हात पुसत म्हणाले, "उद्या गाडी पळवू नगंस."

"का?"

"न्हाय पळवायची."

"मिस्त्री, उद्याच तर पळवायची हाय."

हंबीररावांनी चहा मागवला. चहा आला, संपला. रिकाम्या कपाकडं बघत ते म्हणाले, "आता कॉम्प्रेशन, म्हंजे आतला दाब, वाढलाय. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतंय. चढाला, निम्म्यात."

"कमी कशानं पडंल? मोठा जेट बसवलाय की."

हंबीररावांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. संगमेशनं स्वतःच पाना उचलला आणि कार्बोरेटर उघडला. पेट्रोल सोडणारा तो पितळी जेट बाहेर काढून उजेडात धरला. बारका होता. कंपनीतनं आलेला, पहिला, जुना.

"मिस्त्री!"

"वरडू नगंस. शनवारी तू आलास, मी मोठा बसवला. सोमवारी ते आले, मी बारका बसवला. स्पार्क तू पुढं घ्यायला लावलास, त्यांनी मागं घ्यायला लावला. दोघं बी म्हणताय, घरात सांगू नका. मी तोंडाचा पक्का माणूस हाय."

"ते म्हंजे कोण?"

"गाडी कुणाच्या नावावर हाय?"

संगमेश टायरवर बसला.

"अप्पांना कळलंय तर."

"काय बी कळलेलं न्हाय. त्यास्नी वाटतंय त्यांचा पाय बधिर झालाय. जरा टेकवला की गाडी उधळती म्हणाले. पोराला कळलं तर किल्ली काढून घेईल, तवा मिस्त्री, गाडीच जरा मंद करा."

मोठा जेट मिस्त्रींच्या जर्द्याच्या डबीत होता. तो बसवून गप घरी जाता आलं असतं. उद्या चढ मारायचा, सोमवारी अप्पा पुन्हा घाबरून येणार, आणि घासलेल्या हेडवर बारका जेट घेऊन वडगावच्या रस्त्याला लागणार. सांगावं तर अप्पा चावी खिशात घालणार आणि रविवार गेला. संगमेशनं डबी तीनदा उघडली, तीनदा मिटली. मग शेजारच्या बूथवरनं घरी फोन लावला.

अप्पा रिक्षानं आले. संगमेशनं खाली मान घालून तिन्ही टप्पे सांगितले, कपाटातल्या कागदासकट. अप्पा ऐकत होते पण बघत होते स्वतःच्या उजव्या पायाकडं.

"म्हंजे पाय बरा हाय?"

"व्हय, अप्पा."

"दोन म्हैने," अप्पा अगदी हळू म्हणाले, "दोन म्हैने मी पहाटे गवतात अनवाणी चालतोय. कडू किराईताचा काढा पितोय."

अप्पांनी हात पुढं केला. संगमेशनं किल्ली त्यावर ठेवली. अप्पांनी ती मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, "उद्या मी शेजारी बसणार. न्हायतर गाडी न्हाय."

मिस्त्रींनी डबीतला मोठा जेट बसवला, स्पार्क पुढं घेतला. संगमेशनं वजन कमी करायला मागची सीट आणि स्टेपनी काढून ठेवली होती. दोन्ही मिळून तीस किलो. अप्पा शहाऐंशी.

रविवारी क्लबचा प्रसेनजीत घड्याळ घेऊन उभा होता. एका गाडीला एकच फेरी, हा नियम. अप्पांनी चपला काढून त्याच्या हातात दिल्या. "तेवढंच वजन कमी."

झेंडा पडला. संगमेशचे कान इंजिनाकडं. खडखड ऐकू आली की पिस्टन गेला. पहिलं वळण, आवाज साफ. दुसरं, साफ. प्रत्येक वळणाला अप्पा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होते आणि तो ब्रेकसाठी की रेससाठी हे कळत नव्हतं. शेवटच्या चढाला ते ओरडले, "दाब की लेका! पाय बधिर झालाय काय तुझा?"

वरच्या माणसानं हात केला. वॉकीटॉकीवर प्रसेनजीतचा आवाज आला. "चार चौतीस."

चार सेकंद. इंजिन शाबूत होतं, नाव गेलं होतं. संगमेशनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मी नसतो तर?" अप्पांनी विचारलं.

"वेळेत बसलं असतं."

परतीच्या वाटेत गरम भजी दिसली, तरी अप्पा गाडी थांबव म्हणाले नाहीत.

सोमवारी संगमेशनं कपाट उघडलं. कागदावर दुकानाच्या निळ्या पेनानं चौथी ओळ आली होती.

टप्पा चौथा: अप्पा, वीस किलो कमी.