पाठीमागचा सूर्य

श्रावणातली ती सकाळ उजाडली, पण उगवली नाही. धूम्रवर्णा, धूसरवसना, धुक्याच्या ओल्या पदरात तोंड लपवून बसलेली. दरीच्या अलीकडे काळ्याशार कातळाचं उघडं पठार, सडा; पलीकडे धनगरवाडा. आणि मधे, रात्री साकव गिळूनही न निवलेली नदी.

सड्यावर उत्तरा उभी होती. पायाशी तिचा ड्रोन, पाती मिटलेला, मुका. त्याच्या पोटाशी बर्फाच्या डब्यात सर्पदंशावरची लस. पलीकडे बायजा झोरे, पहाटे गवतात साप डसलेली, दोन लेकरांची आई. वाडीत अडकलेली नर्सबाई सुई घेऊन तयार होती. लस तेवढी नव्हती.

उत्तराचं चातुर्मासाचं व्रत होतं. सूर्यदर्शनावाचून अन्न नाही. कालचा दिवस निरंकार गेलेला. एकच ढग तिचा घास अडवून बसला होता, आणि बायजाचा श्वास.

धुकं विरळलं, तर वारा उठला. वारा निजला, तर धुकं दाटलं. दोघं दमले, तर झिमझिम आली. आभाळ जणू हट्टाला पेटलं होतं.

"अगं, इथं पान हलत नाहीये," रुग्णवाहिकेवरचे डफळेमामा करवादले. "उडव की! का मुहूर्त काढायचाय?"

"इथं नका बघू, मामा. कड्यापाशी बघा."

कड्याच्या ओठावरचं गवत आडवं झालं होतं. शुभ्रकेशी धबधबा खाली पडायचं सोडून वाऱ्यानं उलटा, आभाळात उधळत होता.

तरी तिनं एकदा उडवलाच. कड्यापाशी पोचताच वाऱ्यानं त्याला पाचोळ्यासारखा कलंडवला. कसाबसा तिनं तो माघारी आणला.

फोन वाजला. नर्सबाई. "ताई, पापण्या मिटायला लागल्यात हिच्या. उघड म्हटलं तरी उघडत नाहीत."

उत्तराच्या ओठांवरचा जप तुटला. "देवा, किती रे अंत बघशील?" ती म्हणाली. हळूच. भांडतानाही तिला देवाशी आवाज चढवता येत नसे.

आणि मग, कुणी मस्तकावर हात ठेवावा तशी ती उधळलेली धार निवली. सरळ झाली. निमूट, रुपेरी, खाली उतरू लागली. गवत ताठ झालं.

ड्रोन उठला.

तो दरीच्या ऐन मध्यावर असताना उत्तराच्या पाठीमागे आभाळ उसवलं. कातळावरची डबकी सोन्याची झाली. तिची सावली तिच्याच पुढ्यात लांबली.

"पोरी, सूर्य! वळव मान! क्षणभरच गं!" मामा ओरडले.

मान वळली नाही. डोळे त्या दूरच्या, थरथरत्या, काळ्या ठिपक्यावर. ऊन तिच्या मानेवर टेकलं, वेणीवर थबकलं, वाट पाहून निघून गेलं.

"पोचली लस!" फोनमधून आरोळी आली. तोवर ढग मिटले होते, आणि धबधबा पुन्हा उलटा उधळत होता. ड्रोन आता पलीकडेच अडकला.

"एवढी जवळ येऊन गेली तुझी भाकरी," मामा चुकचुकले.

तिनं आभाळाकडे पाहिलं. पोटात भूक होती. आणि ज्याच्यावर रागवायचं, तोच ढगाआड.

दुपार टळली, तरी तिचा भाकरीचा डबा मिटलेला. आभाळ मिटलेलं. मेघांवर मेघ, मेघांवर मेघ.

आणि पलीकडे, कुडाच्या अंधारात, एका आईच्या दोन पापण्या हळूहळू, हळूहळू उघडत होत्या.