लिफ्टला दारं किती

लिफ्टच्या कारखान्यातून मी निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण तिथल्या लिफ्ट अजून माझ्याच प्रोग्रामवर चालतात. माझ्या खुर्चीत आता माझी सून बसते. परवा ती भर दुपारी घरी आली ती चेहरा पाडूनच.

"आई, चाचणीची लिफ्ट मागचं दार उघडं ठेवून निघाली. आत कोणी नव्हतं, पण साहेब म्हणतात तुमचा जुना कोड गचाळ आहे. उद्या अहवालात तुमचं नाव जाणार."

माझं डोकंच फिरलं. "गचाळ? उघड तो लॅपटॉप."

गोष्ट साधी आहे. लिफ्ट निघण्याआधी प्रोग्रामला दारांची यादी द्यायची, कधी एका दाराची, कधी तीन. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशी यादी किती लांब आहे ते आपोआप कळत नाही, म्हणून मी मोजणीची एक युक्ती लिहिली होती. गेल्या महिन्यात त्यांनी कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, नवा आणला होता.

"दोन दारं दे. किती म्हणतो?"

"एक."

"तीन दे."

"एकच!"

"बघ! अख्खी यादी एकच नग समजतोय तुमचा नवा शहाणा. पहिलं दार तपासतो आणि हात झटकतो."

जुन्या कंपायलरने एक, दोन, तीन चोख मोजले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आई, दार एकही नसेल तर?"

"बिनदाराची लिफ्ट असते का कुठे?" म्हणाले आणि थबकले. असते. मालाची, चारी बाजूंनी उघडी. मीच दिली होती एका गोदामाला.

यादी रिकामी दिली. जुना कंपायलरसुद्धा म्हणाला, एक. ही चूक कंपायलरची नव्हती, माझ्या युक्तीची होती. नसलेलं दार तपासायला गेलं की मेमरीत पडलेलं काहीबाही वाचलं जायचं. ते 'उघडं' निघालं की लिफ्ट अडायची.

गोदामाचा मेकॅनिक दोनदा आला होता. "मॅडम, लिफ्ट मधूनच रुसते." मी चारचौघांत म्हणाले होते, "आधी स्वतःचं वायरिंग तपासा." तो परत आला नाही. आता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कुणालाच माहीत नाही," सून हळूच म्हणाली. "फक्त कंपायलरचंच लिहू?"

"दोन्ही लिही. त्याचं आधी, ठळक. खाली माझं, नावासकट."

मग जुन्या डायरीतून नंबर काढून मी फोन लावला. "मिस्त्री, लिफ्टवाली मॅडम बोलतेय. तुमचं वायरिंग बरोबर होतं."



"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तरी तीनदा बदललं."