दोन दिवस ताणलेली थोरली

मित्रांनो, मी एक जुनं, तुतीच्या लाकडाचं धनुष्य आहे. उभी केली तर एखाद्या धडधाकट बाईच्या कपाळाला लागेन. बाईसारखी बोलते म्हणून हसू नका. ज्याने मला घडवलं त्या मिस्त्रीने आम्हा तिघींना कायम लेकीच मानलं. मी थोरली, शिसवाची ती मधली आणि बांबूची ती धाकटी. सध्या मी मिस्त्रीच्या घरात कपाटावर आडवी पडलेय, अंगावर धूळ आहे आणि जिवाला घोर आहे. फार वेळ नाही माझ्याकडे. म्हणून ऐका.

माझी आई, म्हणजे ते तुतीचं झाड, दवाखान्याच्या मागे उभं होतं. एका वादळात ते आडवं झालं आणि लोक कुऱ्हाडी घेऊन धावले, जळणाला! मिस्त्री मात्र सायकल घेऊन आला. खोडाचा सरळ तुकडा कॅरिअरला बांधला आणि घरी नेला. लोक सांगतात, ओझ्याने सायकलचं पुढचं चाक वर उचललं गेलं आणि मिस्त्री घरापर्यंत एकाच चाकावर आला. मी आत होते, मला विचाराल तर दोन वेळा तो हवेतूनही गेला.

घरी आल्यावर त्याने ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेणबत्तीचं मेण फासलं, चिरा पडू नयेत म्हणून, आणि मला पलंगाखाली सरकवलं. तीन वर्षं! मिस्त्रीणबाई रोज कुरकुरायच्या, "माझ्या माहेरच्या पेटीला या घरात जागा नाही, आणि या ठोकळ्याला पलंगाखाली बिऱ्हाड!" मिस्त्री म्हणायचा, "अगं, वाळू दे तिला. घाई केली तर आयुष्यभर वाकडी राहील." पलंगावर मिस्त्री इतका घोरायचा, की ते घोरणं माझ्या रेषारेषांत मुरलं. आजही दोरी छेडली तर मी किंचित घोरते, शप्पथ.

मग मिस्त्रीच्या कामाच्या खोलीत काम सुरू झालं. ही खोली क्रीडासंकुलाच्या मागच्या बाजूला, तिरंदाजीच्या मैदानाला लागून. एक खिडकी, एक बाक, भिंतीला एक कप्पी आणि जमिनीवर घोटाभर भुसा. मिस्त्रीने माझ्या पाठीवरचं एकाच वर्षाचं वलय वरपासून खालपर्यंत अखंड ठेवलं. ते वलय एका ठिकाणी जरी कापलं गेलं असतं, तर मी पहिल्याच ओढीला तुटले असते. मग मला भिंतीवर अडकवून, कप्पीवरून दोरीने ओढून तो लांब जाऊन बघायचा. माझा वरचा हात, म्हणजे मुठीच्या वरचा भाग, ताठ वाटला की वरून दोन खरवडे, खालचा वाटला की खालून. पुन्हा ओढ, पुन्हा बघ. चार महिने हेच. नवरीला सजवतानाही कोणी इतक्यांदा मागे जाऊन बघत नाही.

आता तुम्ही विचाराल, तिघींत उजवी कोण? ते मिस्त्रीच्या लेकीला विचारा. तिला सगळे टिचकी म्हणतात, कारण लहानपणी दिसेल त्या दोरीला ती टिचकी मारून आवाज ऐकायची. आता तिशी उलटलीय, त्याच मैदानावर मुलांना शिकवते. ती म्हणायची, "धाकटी म्हणजे चिमणी. हातात आहे की नाही कळत नाही, बाण सुटतो तो डोळ्याला दिसत नाही. पण माझा श्वास जरा चुकला, की बाण शेजारच्याच्या निशाणाच्या पाट्यावर. मधली म्हणजे सासूबाई. पहिल्यांदा ओढू देते, शेवटच्या चार बोटांना भिंत लागल्यासारखी अडते, आणि बाण सोडला की मनगटाला असा झटका देते की दाढा मोजून घ्याव्या लागतात."

"आणि थोरली?" मुलं विचारायची.

"थोरलीला ओढताना वाटतं, आपण लोण्यातून सुरी नेतोय. कुठे अडत नाही. सोडल्यावर हातात झटका नाही. धाकटीइतकी वेगवान नाही ती, पण माझी चूक पोटात घालते."

ऐकलंत? चूक पोटात घालते. हे ऐकलं की मी इतकी फुगायचे, की दोरी बसेना! एकदा तर टिचकीने मला असं ओढलं, की बाण पाटा फोडून, कुंपण ओलांडून, धोब्याच्या दोरीवरच्या सदऱ्याची एक बाही घेऊन गेला. धोबी अजून ती बाही शोधतोय. बाण अजून खाली पडलेला नाही.

पण मित्रांनो, लाकडाच्या धनुष्याचा एक नियम असतो. काम झालं की दोरी उतरवायची. ताणलेलं ठेवलं तर लाकूड तसंच वाकायला शिकतं, पोटाकडचे, म्हणजे दोरीच्या बाजूचे, तंतू चेंगरतात आणि जोर जातो. मिस्त्री यावरून अख्ख्या मैदानाला फोडून काढायचा. एका साहेबाने एकदा पाणी प्यायला जाताना धनुष्य दोरी चढवलेलंच ठेवलं, तर मिस्त्री त्याच्या मागे नळापर्यंत गेला. "तुम्ही पाणी पिता तेवढा वेळ तुम्हाला कोणी ओणवं उभं करून ठेवलं तर चालेल का?"

मग संकुलात फायबरची धनुष्यं आली. पन्नास, प्लास्टिकच्या पेट्यांत. मॅनेजर साहेब वाईट माणूस नाही, पण त्याला त्या पेट्या ठेवायला जागा हवी होती, आणि जागा म्हणजे मिस्त्रीची खोली. टिचकी भांडली. शेवटी साहेब म्हणाला, "बरं. रविवारी तुमची तिन्ही लाकडी धनुष्यं आणा. पन्नास पावलं, प्रत्येकीला दहा बाण. एकीने जरी ताटाएवढ्या वर्तुळात आठ मारले, तरी खोली तुमची. नाहीतर सोमवारी रिकामी करा."

मिस्त्री सत्तरीचा. त्या खोलीबाहेर त्याला करायला काही नव्हतं, आणि रंधा हातात नसला की तो घरात दिवसभर दारं तपासत फिरायचा. टिचकीला हे ठाऊक होतं. मलाही. आणि आठ बाण मारणारी एकच होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रीने मला घेतलं. खाली माझं टोक पावलाजवळ रोवलं, मांडीने मला वाकवलं आणि दोरीचा फास वरच्या खाचेत सरकवायला गेला. फास खाचेपर्यंत आला आणि त्याचे हात थरथरले. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा मी त्याच्या हातातून निसटून बाकावर आपटले. ज्या हातांनी मला खरवडून खरवडून माणसात आणलं, त्यांना मी पेलवत नव्हते.

मिस्त्रीणबाई डबा घेऊन आल्या होत्या. दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, बरणीचं झाकण तुम्हाला निघत नाही, आणि ही काय घोडी झुकवताय? टिचकीला हाक मारा."

"टिचकीला सांगायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "कोणालाच सांगायचं नाही. रविवारी सगळ्यांसमोर मीच चढवून द्यायचीय. कायम मीच देत आलोय."

"मग चढणार कशी?"

"तू धर."

मिस्त्रीणबाईंनी पदर खोचला आणि सगळ्या अंगाचा भार माझ्यावर टाकला. फास खाचेत बसला. "बघा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तीस वर्षं माझ्या वजनाला हसलात. आज कामाला आलं ना?" मिस्त्री हसला नाही. मला चढवलेलीच त्याने खुंटीला टांगलं.

"उतरवणार नाही का?"

"उतरवली तर रविवारी पुन्हा चढवावी लागेल."

"अहो, जगाला तर ओरडता..."

"दोनच दिवस आहेत. सोसेल ती."

मित्रांनो, मला सोसलं नाही. तुम्ही कधी शिंक अर्धवट अडवून धरली आहे? तशी दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी ताठ होते. शनिवारी खिडकीतून ऊन आलं, माझ्या पोटावर पडलं, आणि आत काहीतरी चुरगळायला लागलं. मला तोंड असतं तर मी अख्खं संकुल डोक्यावर घेतलं असतं. अहो कोणीतरी या! धाकटी आणि मधली शेजारीच उतरवलेल्या, सैल, निवांत टेकल्या होत्या, आणि मी चार वेळा त्यांना म्हटलं, पडा गं माझ्यावर, पाडा मला. लाकडाचं लाकडाला ऐकू येतं, पण हलता येत नाही. मिस्त्री शनिवारी दोनदा आला. दोन्ही वेळा फासापर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

रविवारी मैदानावर साहेब, दहा-बारा मुलं, त्यांचे पालक. आधी धाकटी. सुरेख सुटली, विजेसारखी, पण टिचकीचे हात काळजीने ओले होते आणि धाकटी चूक माफ करत नाही. दहापैकी सहा. मग मधली. सहाव्या बाणापर्यंत टिचकीचं मनगट सुजलं, बाण खाली खाली उतरत गेले. दहापैकी चार.

"आता थोरली," मिस्त्री म्हणाला, आणि मला तिच्या हातात दिलं. चढवलेलीच.

टिचकीने मला अर्धं ओढलं आणि थांबली. "बाबा, ही मऊ लागतेय."

"तुझा हात सुजलाय."

"हाताचं नाही हे. दोरी कधी चढवली?"

मिस्त्री पाट्याकडे बघत राहिला. टिचकीने मला उलटं करून पोट बघितलं. मुठीच्या खाली एका बोटाएवढ्या जागेत, केसासारख्या बारीक चुण्या आल्या होत्या. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला.  बापाकडे तिने बघितलं नाही. त्या क्षणी वाटली तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पहिला बाण पाट्याच्या आधीच मातीत. दुसरा पाट्याच्या पायाला. एक पालक हळूच म्हणाला, "बास झालं की आता." आठ उरले आणि आठच्या आठ हवे होते.

तिसऱ्याला टिचकीने नेम दीड हात वर धरला आणि मला पूर्ण न ओढता सोडलं. वर्तुळात. चौथा वर्तुळात. पाचवा. मी जेवढं होतं तेवढं देत होते, मित्रांनो, तळातलं खरवडून देत होते. सहावा. सातवा काठावर, पण आत. मुलं ओरडायला लागली. आठवा आत.

आणि त्या आठव्याला माझ्या पोटात टिच् असा आवाज झाला. इतका बारीक, की दोरीच्या आवाजात बुडाला. टिचकीनेही ऐकला नाही, पण मिस्त्रीच्या कानाने टिपला. तिने नववा बाण लावला.

"थांब," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, दोनच राहिलेत."

"थांब म्हणतो ना!"

"दोनच! खोली जाईल बाबा!"

मिस्त्री चालत मध्ये आला, थेट बाणाच्या समोर.  "पुढच्या ओढीला ही तुझ्या तोंडावर फुटेल," तो म्हणाला. "डोळा जाईल तुझा. खाली ठेव."

मला कोणी विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, ओढ गं, दोनच तर आहेत! एवढी मी स्वार्थी. पण मिस्त्री बरोबर होता. मला आतून माहीत होतं.

मग तो साहेबाकडे वळला. त्याचा आवाज नळावर ओरडणारा नव्हता. "साहेब, टिचकीचा दोष नाही. लाकडाचाही नाही. शुक्रवारपासून मी थोरलीला चढवून ठेवलीय. माझ्या हातांनी आता दोरी चढत नाही. तुमच्यासमोर ते दिसू नये म्हणून उतरवली नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याला मैदानावरून हाकलला असता."

साहेबाने मान खाली घातली. "मिस्त्री, मग आता कसं करायचं?"

"आता खोली घ्या."

टिचकीने मांडीने मला दाबलं, फास सोडवला. दोन दिवसांनी मी सैल झाले, पण सरळ झाले नाही. पोक आलंय मला. धनुष्य म्हणून आता माझा उपयोग शून्य.

सोमवारी पेट्या आत गेल्या आणि भुसा झाडला गेला. कप्पी भिंतीला तशीच राहिली, तिच्यावर कोणीतरी छत्री टांगतं, असं टिचकी सांगते. मधली आणि धाकटी तिच्या घरी गेल्या. त्याला दीड महिना झाला. मिस्त्रीची हत्यारं एका गोणीत, गोणी स्वयंपाकघराच्या दारामागे. त्याने ती एकदाही उघडलेली नाही. टिचकी रोज येते, म्हणते, "बाबा, घरीच बसा एखादं धनुष्य करायला, मी ओढून देते." तो म्हणतो, "बघू." मिस्त्रीणबाई मुद्दाम बरण्या घट्ट लावून त्याच्यापुढे ठेवतात, भांडण तरी व्हावं म्हणून. तो भांडतही नाही. खातो थोडं, बोलतो त्याहून थोडं, आणि हात मांडीवर उपडे ठेवून बसतो. मी वरून बघते. रोज ते हात जरा जास्त शांत होत चाललेत, आणि मला ती शांतता आवडत नाही, मित्रांनो. लाकूड पूर्ण वाळलं की असंच गप्प होतं.

लेकीचं तो ऐकणार नाही, कारण तिच्यापुढे तो एकदा हरलाय. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याकडे धनुष्य असो, सायकल असो नाहीतर आजोबा, कोणाला ताणून टांगून ठेवू नका. आणि आपले हात थकले तर लाजू नका, शेजारच्याला हाक मारा. मिस्त्रीने शुक्रवारी टिचकीला हाक मारली असती, तर मी आज कपाटावर नसते.

पण एवढ्यावर माझं भागत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी उठा आणि त्याच्या दाराशी जा. हातात एक वाळलेलं लाकूड न्या, वेडंवाकडं असलं तरी चालेल. चुकीचं असलं तर फारच उत्तम, त्याला ओरडायला काहीतरी मिळेल. आणि म्हणा, आजोबा, मला धनुष्य करायचंय. तासायचं मी, ओढायचं मी, तुम्ही फक्त कुठे ते सांगा.

तो आधी नाही म्हणेल. दारातून हलू नका. कृपा करा, हलू नका.