आधी पायरी

आमच्या अमरेशच्या पिकअपवर मी पहिल्यापासून नाराज होतो, आणि आता सगळं सुरळीत झालं असलं तरी नाराजच आहे. मी त्याचा सख्खा मामा. लग्नकार्यात मामाला मान असतो म्हणतात. माझा मान असा झाला, की मला पिकअपच्या मागच्या हौद्यात, पेंडीच्या वासात गादी टाकून, उदगीरहून निलंग्याला नेण्यात आलं.

उदगीरला माझे दाजी शिवलिंगप्पा यांचं जनावरांच्या खाद्याचं, सरकी-पेंडीचं दुकान आहे. अमरेश ते चालवतो, गावोगाव पेंड पोचवतो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण तिशी उलटली तरी लग्न जमेना. पोरींना पुण्याचा नोकरदार पाहिजे. मागं एका ठिकाणी बघायला गेलो, तेव्हा आत कुणीतरी 'पेंडीची गाडी आली' म्हणून फिदीफिदी हसलं. ते अमरेशच्या कानावर पडलं आणि फार लागलं. तेव्हापासून दुकानात बसून तो मोबाइलवर उंच उंच गाड्यांचे व्हिडिओ बघत राहायचा.

मग निलंग्याचं स्थळ आलं. मुलगी स्वप्नाली, बाप मन्मथप्पा, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकान. त्या लोकांनी पेंडीला नाक मुरडलं नाही. माझी बहीण महानंदा म्हणाली, हे स्थळ हातचं गेलं तर पोरगा असाच राहतोय बघ. खरं सांगतो, भीती मलाही तीच होती.

आणि नेमकं बघण्याच्या आधी हे चिरंजीव गाडी घेऊन लातूरला गेले. रिकामी पिकअप पुढून जराशी वाकलेली असते. ती तशीच बनवलेली असते, मागं माल भरला की सपाट होते. अमरेशला मात्र ती मान खाली घालून उभी राहिल्यासारखी वाटायची. म्हणून त्यानं लेव्हलिंग किट मागवलं, म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर बसवायच्या दोन जाड लोखंडी चकत्या. मल्लेश मेस्त्रीनं त्या बसवल्या, आणि चारी चाकांना एवढाले टायर चढवले. स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासायचे, तर मेस्त्रीनं मडगार्डचीच कड कापली. जावयासाठी सासू बदलावी, त्यातला प्रकार. गाडी परत आल्यावर आम्ही तिच्यात पेंडीची पोती भरली, तसं मागचं अंग बसलं आणि नाक आभाळाकडं गेलं. अमरेशला रस्ता कमी आणि ढग जास्त दिसायला लागले. तरी गडी खूश होता.

निघायच्या दिवशी गाडी रिकामी केली, धुतली, दुकानाच्या ओट्याला लावली. महानंदाला गुडघ्यांचा त्रास. एरवी ओट्याच्या पायऱ्या उतरून, कण्हत, पुन्हा गाडीत चढायची. आता दाराचा उंबरा अगदी ओट्याच्या बरोबरीला आलेला. बाई इरकल लुगडं सावरत सरळ चालत आत गेली आणि पुढच्या सीटवर बसली. आम्ही सगळ्यांनी अमरेशच्या अकलेचं कौतुक केलं. उतरायचं काय, हे कुणाच्याच टाळक्यात आलं नाही. आयुष्यभर दुकानाच्या ओट्यावर वावरलेली माणसं आम्ही. ओटा सगळ्या दुनियेत असतो, असं धरून चाललो.

निलंग्यात मन्मथप्पांच्या दारात ओटा नव्हता. फरशी होती, सपाट, रस्त्याच्या बरोबर. मंडळी स्वागताला बाहेर आली, शरणार्थ शरणार्थ म्हणत नमस्कार झाले. मी आणि दाजी मागून कसेबसे उतरलो. माझ्या धोतराचा सोगा फाळक्याच्या कडीत अडकला, तो सोडवेपर्यंत मी होणाऱ्या व्याह्याला पाठमोरा नमस्कार करत होतो. अमरेशनं उडी मारली. मग सगळे महानंदाकडं बघायला लागले.

तिनं दार उघडलं, खाली बघितलं आणि दार लावून घेतलं.

मन्मथप्पांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणवली. महानंदानं एक पाय ठेवला, खुर्चीचे चारी पाय चार दिशांना निघाले, बाईनं पाय परत घेतला. शेजारून चढायचा लाकडी घोडा आणला, तो डुगडुगत होता. अमरेश हळूच म्हणाला, आई, मी उचलून घेतो. त्यावर तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो दोन पावलं मागं सरला. सोयरिकीच्या दारात पोरानं आईला पोत्यासारखं उतरवायचं, गल्लीनं बघायचं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तोवर गल्ली जमलीच होती. स्वप्नालीची आजी गंगम्मा दारात बाजेवर बसली होती. तिनं टायरांकडं आणि मग अमरेशकडं बघून अर्ध्या कानडीत निकाल दिला, "दोड्ड गाडी, सण्ण पोरगा." म्हणजे गाडी मोठी, पोरगा लहान. लोक हसले. अमरेशचे कान लाल झाले.  या सोयरिकीलाही पेंड आडवी आली, असं मला वाटलं.

महानंदा काचेतून म्हणाली, "मी काय खाली येत न्हाई. पोरीला हितंच दावा."

आता मुलगी दाखवायची म्हणजे मोठ्या माणसांनी वर बसायचं, मुलीनं खाली पाटावर, मान खाली घालून. इथं सासू इतकी वर, की मान खाली घातली तर मुलीला टायरच दिसणार. स्वप्नाली सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या, बशांचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे वर धरला तरी खिडकीशी पोचेना. तिनं गाडीला एक चक्कर मारली, कापलेलं मडगार्ड बघितलं, ट्रे अमरेशच्या हातात दिला आणि पदर खोचला. मग पलीकडून दांडी धरून ड्रायव्हरच्या सीटवर चढली. किल्ली गाडीलाच होती. "अव्वा, नीट धरून बसा," एवढं ती महानंदाला म्हणालेलं आम्हाला ऐकू आलं, आणि पिकअप टायर घासत वळून दिसेनाशी झाली.

माझ्या पन्नास वर्षांत पोरानं पोरगी पळवलेली ऐकली होती. पोरीनं सासू पळवलेली पहिल्यांदा बघितली. मन्मथप्पा मात्र शांत होते. पोरगी रोज मालाचा टेम्पो चालवते, मोंढ्यातच गेली असेल, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. आम्ही सगळे मागं निघालो. अमरेश ट्रे घेऊन चालत होता, कारण तो कुणाला द्यावा हे त्याला सुचलं नाही.

मोंढ्यात मन्मथप्पांच्या दुकानाला माल चढवायचा उंच ओटा आहे. पिकअप त्याला चिकटून उभी होती, आणि माझी बहीण ओट्यावर तुरीच्या पोत्यावर महाराणीसारखी बसली होती. स्वप्नाली शेजारच्या पोत्यावर. दोघींचं सरकीच्या भावावर बोलणं चाललं होतं. बघण्याचा कार्यक्रम आमच्यावाचून उरकला होता.

अमरेशनं ट्रे ओट्यावर ठेवला. स्वप्नालीनं त्याला विचारलं, "गाडी कशाला उंच केली?"

त्यानं ट्रे आणखी थोडा आत सरकवला. मग म्हणाला, "तुमच्या दारात पेंडीची गाडी वाटू नये म्हणून."

"पेंड इकायची सोडलीय का?"

"न्हाई."

"मग वाटू द्या की."

एवढंच बोलली पोरगी, आणि पोराचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला मी बघितला.  मी सुशीलाची बशी तोंडापुढं धरली. अमरेश म्हणाला, उद्याच किट काढून टाकतो. तर स्वप्नाली म्हणाली, नका काढू, ओट्याला बरोबर लागतंय, अव्वाला उतरायला बरं. फक्त दाराखाली लोखंडी पायरी वेल्डिंग करून घ्या.

मन्मथप्पांनी हात जोडून महानंदाला विचारलं, साखरपुड्याची तारीख कधीची धरायची.

"आधी पायरी," महानंदा म्हणाली, "मग साखरपुडा."

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याचं शटर वर जायच्या आधी अमरेश तिथं जाऊन उभा होता. पायरी झाली, दोन्ही दारांना झाली. लग्न झालं, स्वप्नाली त्याच पायरीवर पाय ठेवून गाडीत बसली आणि स्वतः चालवत उदगीरला आली. मी आणि दाजी मागं होतो, हौद्यात, गादीवर. मागच्या फाळक्याला पायरी अजून कुणी केलेली नाही. मामाचा मान असतो म्हणतात.