मूळ रंगाची गाडी

कैरोच्या शुक्रवारच्या गाडीबाजारात माझ्या भावाने, इहाबने, एका जुन्या मोतिया गाडीच्या दारावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. कान देऊन ऐकलं. मग खिशातलं लोहचुंबक पत्र्याला टेकवलं. ते घट्ट चिकटलं.

"फॅब्रिका!" तो मला म्हणाला. "आतून-बाहेरून. कुठे पोचे बुजवायला लांबी-पुट्टी भरलेली नाही."

कारखान्यातला मूळ रंग शाबूत असला की आमच्याकडे लोकांना बाकी काही दिसेनासं होतं. बाबांची गाडीही तशीच होती. गेल्या हिवाळ्यात मुकत्तम टेकडीच्या उतारावर तिचे ब्रेक लागले नाहीत. बाबांच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस झाला, आणि भंगारवाल्याचा फोन आला : "बाई, मागचे दोन्ही दरवाजे फॅब्रिका आहेत. वाया घालवू नका."

आम्ही अजून तिथेच, टेकडीच्या माथ्यावर राहतो. इहाबच्या बायकोला सातवा महिना आहे. घेतली तर ही गाडी रोज त्याच उतारावरून जाणार.

"इंजिन चालू कर," मी म्हणाले. "ब्रेक दाबून धर. सोडू नकोस."

"ताई, गाडी घेतोय, विमान नाही."

"धर."

तो आत बसला. मी दारातून वाकून ब्रेकवरच्या त्याच्या बुटाकडे बघत राहिले. आधी बूट थांबला. मग अगदी सावकाश, कुणी झोपेत कूस बदलावी तसा, खाली गेला.

"ब्रेकमध्ये हवा धरली असेल, मॅडम," गाडीचा मालक वगदी हसून म्हणाला. "किरकोळ काम. इंजिन ऐका ना! मांजर घुरघुरतंय जणू. माझी बायको याच गाडीतून आली, तिला विचारा. उम्म करीम, सांग गं!"

ती मागच्या सीटवर, सावलीत, चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. "नवरीसारखी जपलीय," ती मान वर न करता म्हणाली.

"ऐकलंस? आता सोड," इहाब म्हणाला. "बाबांचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

त्याने दार ओढून घेतलं. चिडला होता. "बरं, चल. मुकत्तमवरूनच खाली आणून दाखवतो. मग तरी गप्प बसशील?"

"खुशाल, बाशासाहेब!" वगदीने पुढचं दार उघडलं.

उम्म करीमने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि ती खाली उतरली. "मी इथेच थांबते. उन्हाने चक्कर येते मला." असं म्हणून ती गाडीतली सावली सोडून भर उन्हात उभी राहिली.

मी खिडकीतून इहाबची बाही पकडली. "ती उतरली, इहाब."

"चक्कर येते म्हणाली ना ती! सोड." त्याने गिअर टाकला.

वगदीचा एक पाय गाडीत गेला होता.

"वगदी, तू बसू नकोस!" उम्म करीम ओरडली.

शेजारच्या गाडीपाशी घासाघीस करणारी माणसंही वळून पाहू लागली. वगदी दारात अडकून राहिला. "अगं, काय बोलतेस..."

"परवा पुलावरून उतरताना ब्रेक..." ती थांबली, आणि तिने ओढणीने तोंड झाकलं.

वगदीने पाय बाहेर घेतला.

इहाबने गिअर काढला. कुणी न सांगता पुन्हा ब्रेक दाबून धरला. या वेळी तो स्वतःच बुटाकडे बघत होता. बूट तळाला टेकला, तरी तो दाबतच राहिला.

"ताई," तो म्हणाला, "बाबांनी पण असंच दाबून धरलं असेल का गं?"

मी आत हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. "उतर."

आम्ही फाटकाकडे निघालो. त्याने लहानपणी धरायचा तसा माझा हात धरला होता. थोडं पुढे गेलो असू, मागून त्या दारावर पेरांची टकटक ऐकू आली, आणि कुणीतरी खुशीत ओरडलं, "फॅब्रिका!"

माझ्याआधी इहाब मागे वळला.