चांदणी नावाची कालवड

लग्न होऊन आजी त्या शेतावर आली तेव्हा तिथे शेत म्हणावं असं काही नव्हतंच. दगड होते, आणि दगडांच्या मधे कुठेकुठे थोडी माती. नवरा अबोल, सासू तोंडाची फटकळ, आणि गोठ्यात एकच हाडकुळी गाय. पहिली काही वर्षं तिने बादल्या भरभरून दगडच वेचले. त्या दगडांचं कुंपण झालं, कुंपणाच्या आत कुरण झालं, आणि हळूहळू गोठा गाईंनी भरला. दोन मुलं झाली. त्यातली मुलगी लहानपणीच तापाने गेली. त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा आजीने धार काढली, तेव्हा लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. तिने ऐकून घेतलं. कास तट्ट फुगली की गाईला कुणाचं मरण कळत नाही, हे कुणाकुणाला समजावत बसणार?

नवरा गेल्यावर तिने घर, जमीन, गोठा सगळं मुलाच्या नावावर करून दिलं. "मी काय, आज आहे उद्या नाही," असं म्हणाली खरी, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं होतीच, आणि रोज पहाटे गोठ्यात होती. मुलगा शहरात मोठ्या हुद्द्यावर. आजी त्याला तोंडावर 'साहेब' म्हणायची आणि त्याला ते कौतुक वाटायचं. साहेबाची मुलगी मात्र रांगायच्या आधीच आजीकडे आली होती. नातीने पहिलं पाऊल टाकलं ते गाईच्या शेपटीला धरून. दोघींचं सूत असं जुळलं की सून म्हणायची, "मी हिला फक्त जन्म दिला."

नात मोठी झाली, शेतापासून जवळच्याच गावात शाळेत शिकवायला लागली. रविवारी यायची, गोठा झाडायची, आजीच्या मांडीवर डोकं टाकून जगभराच्या तक्रारी सांगायची. घरात कुणाचं काय चाललंय हे आजीला नातीकडूनच कळायचं. मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाला की ती लगेच नातीला विचारायची, "खरं काय ते तू सांग." आणि नात सांगायची.

मग एका सकाळी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर आजीचा पाय सटकला. खुबा मोडला. तिला उचलून गाडीत ठेवत होते तेव्हा तिने नातीचं मनगट पकडलं.

"तांबडीला दिवस भरलेत. पहिलटकरीण आहे. तिला एकटी सोडू नकोस."

"मी आहे ना, आजी."

ऑपरेशन झालं. तिथून आजीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आणलं. खोली चांगली होती, पडदे नवे होते, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. वॉकर पलंगाला टेकवून ठेवलेला असायचा आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. खाणं बंद, बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल हो, पण यांना उठायचंच नसेल तर मी काय करणार?"

त्याच संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजी! तांबडी व्याली. कालवड झाली!"

आजी उठून बसली. "उभी राहिली का? चीक प्यायली?"

"प्यायली की. कपाळावर पांढरा ठिपका आहे, चांदणीसारखा."

"मग चांदणीच म्हण तिला."

त्या दिवसापासून फ्लॅटचा रागरंगच पालटला. नात रोज संध्याकाळी फोन करायची. चांदणीने बादली लाथाडली, चांदणीला जुलाब झाले, चांदणी आता गवताला तोंड लावते. फोन तांबडीच्या तोंडाशी धरते म्हणायची, आणि ते हंबरणं ऐकून आजी इकडून "ये गं माझे बाय" म्हणायची. आजीने वॉकर धरला. आधी दारापर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत, मग जिन्याच्या पायऱ्या. पाय ठणकायचा, घाम फुटायचा. सून म्हणायची, "आई, आता पुरे." आजी म्हणायची, "गोठ्याला उंबरठा आहे गं. तो ओलांडता यायला नको?"

ती बिनकाठीची चालायला लागली त्या सुमाराला एका दुपारी बेल वाजली. दारात धाकटी जाऊ उभी. या दोघींचं पाण्याच्या पाटावरून वाजलं होतं, आणि शेत लागून असूनही मयताशिवाय त्या एकमेकींसमोर आल्या नव्हत्या. या वयातही जाऊ स्वतःचा पिकअप स्वतः चालवायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती बसलीसुद्धा नाही.

"जाऊबाई, आपलं पटत नाही ते राहू दे बाजूला. पण आपल्या सासऱ्यांनी बांधलेला गोठा पाडला आणि तुम्ही शब्दाने कळवलं नाहीत मला? विकायचंच होतं तर आधी शेजाऱ्याला विचारतात."

"कुठला गोठा?" आजी म्हणाली.

जाऊने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली. मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. आजी दवाखान्यात असतानाच गाई ट्रकमध्ये चढवल्या होत्या. जमीन घेणाऱ्याने गोदाम बांधायला काढलंय. कुंपणाचे दगड त्याच्या पायाभरणीत घातले.

"आणि नात? ती येते ना रोज तिथे?"

"ती गाई नेल्या त्या दिवशी आली होती. दावी सोडायला तीच होती, गाई दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात म्हणून. त्यानंतर नाही दिसली."

आजीला मुलाचा राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. साहेबाने कधी गोठ्यात पाय ठेवला होता? कुणाला काही बोलू नकोस असं जाऊला बजावून तिने सगळं मनात ठेवलं आणि संध्याकाळची वाट पाहिली. तिला वाटत होतं, जाऊचं काही तरी चुकलं असेल. निदान तांबडी तरी पोरीने कुठे ठेवून घेतली असेल.

फोन वाजला.

"आजी, आज चांदणीने काय केलं माहितीये?"

"काय केलं?"

"माझी ओढणी चावली. आख्खं टोक ओलं."

"जवळ आहे का तुझ्या?"

"ही काय, इथेच."

"तिचा आवाज ऐकव."

पलीकडे थोडी खुडबुड झाली. मग एका वासराचं कोवळं हंबरणं आलं. आजीने डोळे मिटले. किती गोड आवाज होता! क्षणभर तिचा त्यावर पुन्हा विश्वास बसला. मग तेच हंबरणं, त्याच जागी तुटून, तसंच्या तसं दुसऱ्यांदा वाजलं.

"धाकटी येऊन गेली," आजी म्हणाली.

आजीने फोन ठेवून दिला.

नात सकाळीच धावत आली. डोळे सुजलेले. पायाशी बसली, मांडीवर डोकं टेकवायला गेली तर आजीने पाय आखडून घेतले.

"आजी, बाबांनी विकून टाकलं होतं, मी भांडले. पण तू जेवत नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, अशाने जाईल ती. मग मला जे सुचलं ते केलं. आणि तू चाललीस ना? त्या खोट्यामुळेच चाललीस."

"चालले. कुठे जायला चालले?"

"मी सांगणारच होते..."

"तुझ्या बापाने माझं घर विकलं. ते त्याचंच होतं, मीच दिलं होतं. तू काय विकलंस ते तुला कळतंय का? या घरात मी एकाच माणसाला विचारत होते, खरं काय ते तू सांग म्हणून." आजीचा आवाज चढला नव्हता. "मी दगड वेचले, पोरगी पुरली, नवरा पोचवला. मला खरं पेललं नसतं असं वाटलं तुला?"

नात हुंदके देत राहिली. आजीचा हात सवयीने तिच्या केसांकडे गेला आणि मधूनच परत आला.

जाऊने चौकशी करून गाई कुठे गेल्या ते शोधून काढलं आणि दोघी पिकअपमधून तिथे गेल्या. लांबच लांब पत्र्याची शेड, यंत्रांची घरघर, प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला. आजी रांगेतून "तांबडे, तांबडे" करत गेली. शेवटच्या टोकाला एका गाईने मान वर केली. तीच होती. खरखरीत जिभेने तिने आजीची बाही कोपरापर्यंत चाटली, आणि इतके दिवस कोरडी राहिलेली आजी तिथे तिच्या मानेला मिठी मारून रडली.

"हिचं वासरू?" तिने तिथल्या गड्याला विचारलं.

"गोऱ्हा झाला होता. काळा कुळकुळीत. लगेच पाठवला. गोऱ्हे आम्ही ठेवत नाही."

परतताना आजी म्हणाली, "वेडी मी. जी जन्मलीच नाही तिच्यासाठी जीव तुटतोय."

"तुटू द्या," जाऊ म्हणाली. "कुठे सोडू? फ्लॅटवर?"

"तुझ्याकडे जागा आहे?"

"आहे. पण पाट माझाच, हे आधीच सांगते."

"तू आयुष्यात कधी माझ्याशी गोड बोलली नाहीस," आजी म्हणाली. "तुझ्याकडेच येते."

ती जाऊकडेच राहिली. मुलगा दोनदा न्यायला आला. ती त्याच्याशी नीट बोलली, त्याला चहा दिला आणि परत पाठवला. त्याच्याबद्दलचा राग कसा कोण जाणे, उन्हाळा संपेपर्यंत ओसरला. नात दर रविवारी यायची. जाऊची कोंबड्यांची खुराडी साफ करायची, आजीच्या पायाला तेल चोळायची. आजी तिला पोटभर वाढायची, थंडी वाजते का विचारायची, दारापर्यंत सोडायला यायची. तिच्यावरची माया तिळभर कमी झाली नव्हती, आणि हेच आजीला सगळ्यात जड जात होतं.

एका रविवारी आजी खोलीत शेंगा सोलत बसली होती. नात अंगणातून आत आली आणि म्हणाली, "आजी, आभाळ भरून आलंय, कपडे आत घेऊ का?"

आजीने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. खुबा धरून उठली, नातीच्या बाजूने वाट काढत दारात गेली आणि मान वर करून स्वतः आभाळ पाहिलं. मग आत येऊन म्हणाली, "हो, घे."

नात दोरीवरचे कपडे काढायला गेली. एकेक कपडा काढताना तिने ओढणीने डोळे पुसले. आजी दारातून बघत राहिली, मग पुन्हा शेंगा सोलायला बसली.